पालथे की उताणे? – तान्ह्या बाळाच्या झोपेचा एक धडा

तान्हे बाळ गाढ झोपलेले असताना त्याच्या छातीकडे दोन-चार मिनिटे टक लावून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. त्याचा श्वास मोठ्या माणसासारखा संथ, एका लयीत चालत नाही. काही श्वास भराभर होतात, मग श्वास थांबतो, पाच-सात सेकंद काहीच हालचाल दिसत नाही आणि पुन्हा भराभर श्वास सुरू होतात. पहिलटकरीण आई हे पाहून घाबरते. घरातील आजी मात्र ‘बाळं अशीच झोपतात’ म्हणून तिची समजूत घालते.

आजीचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. नवजात बाळ मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेते. श्वासाची लय सांभाळणारी केंद्रे मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात असतात आणि जन्माच्या वेळी ती पुरती परिपक्व झालेली नसतात. म्हणून पाच-दहा सेकंदांचा खंड निरोगी बाळातही पडतो. खंड २० सेकंदांहून लांबला, किंवा त्याबरोबर हृदयाचे ठोके मंदावले, बाळ निळसर पडले, तर त्याला वैद्यकात ‘अ‍ॅप्निया’ म्हणतात आणि त्याची दखल घ्यावी लागते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हा प्रकार बराच आढळतो. तळपायाला हलकेच टिचकी मारून किंवा पाठ चोळून श्वास पुन्हा सुरू करता येतो, कॅफीनसारखे औषध देता येते आणि बाळ वाढू लागले की ही अडचण आपोआप दूर होते.

पण याच्या शेजारी एक वेगळी आणि फार भयंकर गोष्ट आहे. दिवस भरून जन्मलेले, अंगाने बाळसे धरलेले, संध्याकाळी हसत-खेळत असलेले दोन-चार महिन्यांचे बाळ रात्री दूध पिऊन झोपते आणि सकाळी मृत आढळते. शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापासून याला ‘कॉट डेथ’ म्हणजे पाळण्यातला मृत्यू म्हणू लागले. १९६९मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे भरलेल्या परिषदेत त्याची व्याख्या झाली आणि ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’, थोडक्यात ‘सिड्स’, हे नाव रूढ झाले. हे नाव म्हणजे उत्तर नव्हे. सर्व तपास करूनही उत्तर मिळाले नाही, एवढेच ते सांगते.

या कोड्याचे उत्तर शोधण्याचा इतिहास आपण शिक्षकांनी जाणून घेण्याजोगा आहे. त्यात हुशार माणसांनी पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारायचा राहून गेला आणि त्याची किंमत हजारो बाळांना मोजावी लागली.

आईवर ठपका

शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. एका बाळावर दोन स्त्रिया हक्क सांगतात आणि राजा बाळाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा देतो. त्या गोष्टीची सुरुवात मात्र सहसा सांगितली जात नाही. दोघींपैकी एकीचे बाळ रात्री मेलेले असते आणि मृत्यूचे कारण दिलेले आहे ते असे, की झोपेत आई त्याच्या अंगावर गेली. युरोपात पुढे शेकडो वर्षे हेच स्पष्टीकरण चालले. आई-बाप आणि मुले एकाच अंथरुणात झोपत. सकाळी बाळ मृत आढळले की आईने ते चिरडले, असा निष्कर्ष निघे. बाळावर दाब येऊ नये म्हणून इटलीतील फ्लॉरेन्समध्ये लाकडी कमानीचा एक सांगाडाही वापरात होता. बाळाला त्याखाली ठेवून मग आई शेजारी झोपे.

१८९२मध्ये स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस शल्यवैद्य चार्ल्स टेम्पलमन यांनी अशा २५८ बालमृत्यूंची माहिती प्रसिद्ध केली. यांतील बरेच मृत्यू शनिवारच्या रात्री झालेले होते. आठवड्याचा पगार शनिवारी होई आणि त्या रात्री दारू जास्त प्यायली जाई. अडाणीपणा, निष्काळजीपणा, दारू आणि घरातील दाटी अशी कारणे त्यांनी दिली. यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. नशेत असलेल्या माणसाने बाळाला शेजारी घेऊन झोपणे धोक्याचे असते, हे आजही खरे आहे. परंतु त्याच शहरात, तशाच एका खोलीच्या घरांत, आईच्या कुशीत झोपून सकाळी सुखरूप उठणाऱ्या बाळांची मोजणी कोणी केली नाही. पुढे बाळांसाठी वेगळे पाळणे आले, ती एकटी झोपू लागली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. ‘पाळण्यातला मृत्यू’ हे नाव पडले ते त्यामुळेच.

थायमसची गोष्ट

दुसरे स्पष्टीकरण वैद्यांच्या टेबलावर जन्मले. छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूस, थायमस नावाची ग्रंथी असते. ती बालपणी मोठी असते आणि वय वाढते तशी आक्रसत जाते. अचानक मेलेल्या बाळांचे शवविच्छेदन करताना डॉक्टरांना ही ग्रंथी फार मोठी दिसे. १८३०मध्ये जर्मनीतील कोप यांनी असा तर्क मांडला, की वाढलेल्या थायमसमुळे श्वासनलिका दाबली जाऊन बाळ गुदमरते. १८५८मध्ये त्यांच्याच देशातील फ्रीडलेबेन यांनी मोजमापे करून हे खोडून काढले. तरीही १८८९मध्ये व्हिएन्नातील पाल्टाउफ यांनी तीच कल्पना नव्या वेषात पुढे आणली. अशा बाळांची सारी प्रकृतीच मुळात दुबळी असते आणि मोठी थायमस ही त्या दुबळेपणाची खूण असते, असे ते म्हणाले.

यात चूक कोठे होती? निरोगी थायमस केवढी असते, हे डॉक्टरांनी कशावरून ठरवले होते, ते पाहू. शवविच्छेदनासाठी मिळणारे बहुतेक देह गरिबांचे, दीर्घ आजाराने किंवा उपासमारीने मेलेल्यांचे असत. आजारपणाचा आणि कुपोषणाचा ताण पडला की थायमस झपाट्याने आक्रसते. त्या आक्रसलेल्या ग्रंथीचा आकार पाठ्यपुस्तकांत ‘नेहमीचा’ म्हणून नोंदला गेला. अचानक मेलेले बाळ मात्र शेवटच्या क्षणापर्यंत धट्टेकट्टे असे. त्याची थायमस जेवढी असायला हवी तेवढीच होती. पण चुकीच्या मापाशी तुलना केल्यामुळे ती मोठी वाटली.

या चुकीचे परिणाम कागदावरच राहिले नाहीत. १९०७पासून अमेरिकेत मोठी थायमस लहान करण्यासाठी बाळांवर क्ष-किरणांचा मारा करण्यास सुरुवात झाली. पुढे तर काही ठिकाणी अगदी निरोगी बाळांनाही खबरदारी म्हणून हे किरण दिले गेले. १९३१मध्ये ब्रिटनमधील एका चौकशी समितीची आकडेवारी प्रसिद्ध झाली. मोठ्या थायमसमुळे मृत्यू येतो, या समजुतीला तीत काहीच आधार सापडला नाही. तरीही किरणोपचार एकदम थांबले नाहीत. १९५०मध्ये अमेरिकेत थायरॉइडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिलेले होते. थायमस ही थायरॉइडच्या अगदी खाली असते, हे येथे लक्षात घ्यावे. आणि ज्या ग्रंथीला जाळण्याची एवढी घाई झाली होती, ती शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीची शाळाच आहे, हे जॅक मिलर यांनी १९६१मध्ये दाखवून दिले.

श्वास मोजणारी यंत्रे

तिसरे स्पष्टीकरण आपल्या मूळ विषयाच्या सर्वांत जवळचे आहे. १९७२मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूस येथील बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी पाच बाळांच्या झोपेतील श्वासाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. या बाळांना झोपेत अ‍ॅप्निया होत असे. त्यांतील दोन बाळे पुढे दगावली. ती दोघे सख्खी भावंडे होती आणि त्यांची आणखी तीन भावंडे त्यापूर्वीच गेलेली होती. यावरून स्टाइनश्नायडर यांनी असे सुचवले, की झोपेतील लांब श्वासखंड हेच सिड्सचे कारण असावे, तो दोष घराण्यात चालत असावा आणि यंत्राने श्वासावर पहारा ठेवला तर बाळ वाचवता येईल.

कल्पना पटण्याजोगी होती. श्वास थांबला म्हणून बाळ मेले, हे कोणालाही सहज समजते. श्वास थांबताच घंटा वाजवणारी यंत्रे निघाली आणि अमेरिकेत हजारो घरांत ती बाळांच्या उशाशी बसली. रात्रीत अनेकदा घंटा वाजे, आईवडील धडपडत उठत आणि बाळ शांत झोपलेले असे.

यथावकाश मोठी निरीक्षणे झाली. ब्रिटनमध्ये डेव्हिड साउथॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ हजारांहून अधिक बाळांच्या श्वासाच्या व हृदयाच्या नोंदी घेतल्या. त्यांतील २९ बाळे पुढे सिड्सने गेली. १९८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावरून दिसले, की लांब श्वासखंडांच्या आधारे ही बाळे आधी ओळखता आली नसती. २००१मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात एक हजारांवर बाळांच्या सात लाखांहून अधिक तासांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लांब श्वासखंड निरोगी बाळांतही सर्रास आढळले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते जास्त होते. पण सिड्सचा धोका ज्या वयात सर्वाधिक असतो त्या वयाच्या आधीच ते कमी होऊन जात. २००३मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले, की सिड्स टाळण्यासाठी घरी अशी यंत्रे लावू नयेत.

आणि त्या पाच भावंडांचे काय झाले? १९९५मध्ये न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयाने त्यांच्या आईला पाचही मुलांच्या हत्येबद्दल दोषी ठरवले. तिने आधी दिलेला कबुलीजबाब मागे घेतला होता आणि अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच १९९८मध्ये ती तुरुंगात मरण पावली. ज्या दोन मृत्यूंवर वीस वर्षांचे संशोधन उभे राहिले, त्यांचा पायाच असा डळमळीत होता.

तर्कशुद्ध सल्ला

हे सारे चालू असताना एक साधी गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. न्यूयॉर्कमधील हॅरल्ड एब्रमसन यांनी १९४४मध्ये गुदमरून मेल्याचे मानलेल्या १३९ बाळांची माहिती दिली होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश बाळे पालथी आढळली होती. यावर पुढच्याच वर्षी पॉल वुली यांनी बाळांना पांघरुणाखाली आणि नाक खाली करून ठेवून पाहिले. बाळे मान वळवून श्वास घेत राहिली. तेव्हा निरोगी बाळ असे गुदमरत नाही, असे त्यांनी ठरवले आणि विषय मागे पडला.

येथे आपण क्षणभर थांबू. समजा, मृत १०० बाळांपैकी ६७ पालथी होती. यावरून पालथे झोपणे धोक्याचे आहे असे ठरते का? नाही. जिवंत १०० बाळांपैकीही ६७ पालथीच झोपत असतील, तर या आकड्याला काही अर्थ नाही. पण जिवंत १०० बाळांपैकी फक्त १० पालथी झोपत असतील, तर मात्र तो आकडा आपल्याला गदगदा हलवील. एब्रमसन यांच्याजवळ हा दुसरा आकडा नव्हता. आणि वुली यांनी पाहिली ती थोडी बाळे. हजारात दोन-तीन बाळांना होणारा धोका दहा-वीस बाळांत दिसणार कसा?

दरम्यान डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक अमेरिकेत घरोघरी पोचले होते. १९४६च्या पहिल्या आवृत्तीत बाळाला उताणे निजवण्यास त्यांची हरकत नव्हती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्त्यांत मात्र पालथे निजवावे असा सल्ला आला. कारण असे दिले होते, की उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकण्याची भीती असते. त्यातच अपुऱ्या दिवसांची बाळे रुग्णालयात पालथी ठेवल्यास त्यांचा श्वास सुधारतो, असे दिसून आले होते. ते खरेही होते. परंतु ती बाळे आजारी होती आणि चोवीस तास परिचारिकांच्या नजरेखाली होती. रुग्णालयातील ही रीत पाहून घरोघरच्या निरोगी बाळांनाही पालथे निजवले जाऊ लागले.

उलटीचा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. पण शरीररचना वेगळेच सांगते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. पोटातून वर आलेले दूध श्वासनलिकेत जायचे, तर त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. बाळ पालथे असताना स्थिती उलट होते. वर्गात मानवी शरीराचा तक्ता आडवा धरून आणि मग उलटा करून हे सहज दाखवता येईल.

योग्य प्रश्न

बदल घडवून आणला तो अनेक देशांतील चिकाटीच्या माणसांनी. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील डॉ. सुझन बील या बाळ गेलेल्या घरी स्वतः जात, आईवडिलांजवळ बसत आणि बाळ कसे झोपवले होते, कसे आढळले, याची नोंद करीत. अशी शेकडो घरे त्यांनी पाहिली. १९८५मध्ये हाँगकाँगमधून बातमी आली, की तेथे पाळण्यातले मृत्यू अगदी विरळ, हजारी ०.३च्या आसपास, आहेत. दाटीवाटीच्या घरांत राहणारी तेथील चिनी कुटुंबे बाळांना उताणे निजवीत. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात पालथे निजवण्याची पद्धत पसरली, तसे हे मृत्यू वाढले होते. १९८७मध्ये तेथे या पद्धतीविरुद्ध सल्ला देण्यात आला आणि मृत्यू झपाट्याने घटले.

निर्णायक ठरली ती तुलना. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक मेलेल्या ७२ बाळांची माहिती गोळा केली आणि प्रत्येकामागे त्याच वयाची, त्याच परिसरातील दोन जिवंत बाळे, म्हणजे १४४ बाळे, तुलनेसाठी घेतली. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पालथ्या झोपणाऱ्या बाळांना धोका सुमारे ८.८ पट होता. फार जाड पांघरुणे आणि खोलीतील जास्त ऊब यांनीही धोका वाढत होता. त्या वेळी पुढारलेल्या देशांत सर्वांत जास्त असे मृत्यू न्यूझीलंडमध्ये होत. तेथे एड मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९० या काळात अशीच तुलना मोठ्या प्रमाणावर केली. पालथी झोप, आईचे धूम्रपान आणि स्तनपानाचा अभाव ही तीन टाळता येण्याजोगी कारणे पुढे आली.

१९९१च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि १९९४मध्ये अमेरिकेत ‘बॅक टू स्लीप’ म्हणजे बाळाला पाठीवर निजवा, ही मोहीम सुरू झाली. त्यासाठी ना औषध लागले ना यंत्र. ब्रिटनमधील मृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. अमेरिकेत १९९२मध्ये सिड्सचे प्रमाण हजारी सुमारे १.२ होते, ते २००१ सालापर्यंत सुमारे ०.५६वर आले. आणि उताणे निजल्यामुळे दूध घशात अडकून मरणाऱ्या बाळांची संख्या वाढली का? नाही.

पालथी झोप घातक का ठरते, याचा उलगडा नंतर होत गेला. तोंड मऊ गादीत रुतले की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा घेत राहते. कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन घटतो. बहुतेक बाळे अशा वेळी जागी होतात, मान वळवतात. वुली यांनी पाहिलेली बाळे अशीच होती. परंतु काही थोड्या बाळांत ही जागे होण्याची क्रियाच दुबळी असते. अशा काही बाळांच्या मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित दोष बोस्टनमधील हॅना किनी यांच्या गटाला आढळले. म्हणजे आतला दोष शोधणारे अगदीच चुकीच्या वाटेवर नव्हते. मात्र तो दोष बाहेरून ओळखता येत नाही. झोपवण्याची बाजू बदलणे मात्र कोणाच्याही हातात असते.

२००५मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सर्व अभ्यास एकत्र मांडून पाहिले. १९७०पर्यंत छापल्या गेलेल्या माहितीवरूनच पालथ्या झोपेचा धोका दिसत होता. ती माहिती तेव्हाच कोणी एकत्र मांडली असती, तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्यासाठी

आपल्याकडे बाळाला पाळण्यात किंवा आईजवळ उताणे निजवण्याची रीत अनेक घरांत आहे आणि ती चांगलीच आहे. पण डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी, मऊ गाद्या, तोंडावर येणारी दुपटी आणि घरातील विडी-सिगारेटचा धूर यांबद्दल सावध राहिले पाहिजे. पहिल्या वर्षभरात प्रत्येक झोपेला बाळ उताणे, टणक व सपाट अंथरुणावर, उशीशिवाय निजवावे. जागेपणी, आपली नजर असताना, त्याला पालथे खेळू द्यावे; त्याने मान आणि खांदे बळकट होतात. बाळ निळे पडले, ढिले पडले किंवा श्वास लांबवर थांबू लागला, तर ‘बाळं अशीच झोपतात’ म्हणून स्वस्थ बसू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत रुग्णालयात दिलेल्या सूचना पाळाव्यात.

वर्गात हा इतिहास सांगताना मुलांकडून एक छोटा उद्योग करून घेता येईल. ‘अमुक काढा घेतला आणि सर्दी बरी झाली’, ‘तमुक क्लास लावलेली मुले पहिली आली’, अशी विधाने त्यांना गोळा करायला सांगावीत. मग प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहायला लावावा : काढा न घेतलेल्यांचे काय झाले? क्लास न लावलेल्यांचे काय झाले? एव्हनमध्ये डॉक्टरांनी १४४ जिवंत बाळांच्या घरी हाच प्रश्न नेला होता. आठवी-नववीची मुले तो सहज विचारू शकतात. आपण त्यांना त्याची सवय मात्र लावली पाहिजे.